वाटेवरचं

तेव्हाच्या औरंगाबादेत उस्मानपुऱ्याकडून क्रांती चौकाकडे यायला लागलं की आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक तिठा होता. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं हमखास काहीतरी पडलेलं असायचं. टाचण्या टोचलेलं लिंबू, कुंकू माखलेला नारळ, पत्रावळीवर दहीभाताचा मुटका, एखाद्या वेळी काळ्या चिंधीची बाहुली. भाजीला निघालेली आजी ते लांबूनच ओळखायची. माझं मनगट घट्ट धरायची आणि म्हणायची, "ओलांडू नको रे, कडंनं ये." भूत हा शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. "कुणाला तरी बाहेरचं झालंय, त्याचा उतारा आहे," एवढंच ती सांगायची. बाहेरचं म्हणजे काय, असं विचारलं की आवाज खाली आणून म्हणायची, "वाटेवरचं."

तेव्हा मला भीती वाटायची ती लिंबाची. पुढं कोश चाळायची सवय लागली आणि आजीच्या त्या दोन-तीन शब्दांकडे मी पुन्हा पुन्हा परत येऊ लागलो. पछाडणाऱ्या गोष्टीला मराठी माणूस नाव देत नाही, तिचा पत्ता सांगतो. बाहेरचं, बाहेरवसा, वाटेवरचं. घराच्या आत जे आहे ते आपलं. उंबऱ्यापलीकडे, वेशीपलीकडे, शिवेवर जे राहतं ते ‘बाहेरचं’. शीव हा शब्द संस्कृत ‘सीमा’चाच घासून घासून उरलेला मराठी तुकडा आहे. दसऱ्याला ती शीव ओलांडायची म्हणून सीमोल्लंघन, आणि त्याचंच खेड्यातलं रूप शिलंगण. म्हणजे वर्षातून एकदा सगळ्या गावानं मिळून, वाजतगाजत, दिवसाउजेडी ती रेघ पार करायची. एरवी तिन्हीसांजेनंतर तिकडे फिरकायचं नाही.

उतारा या शब्दात तर केवढं काय भरलेलं आहे! तलाठ्याकडून आणतो तो सातबाराचा उतारा, पुस्तकातून घेतो तो उतारा, विंचवाच्या विषावरचा उतारा, आणि तिठ्यावरचा हा उतारा. सगळे एकाच ‘उतरणे’ या क्रियापदाचे. संस्कृतात उद् आणि तॄ मिळून ‘उत्तरति’ होतं. त्याचा मूळ अर्थ पाण्यातून पार होऊन काठावर येणं. याच तॄ धातूपासून तीर्थ झालं, तारू झालं. गाडीतल्या प्रवाशाला आपण उतारू म्हणतो तोही याच घरातला. आजाऱ्यावरून जे उतरवून तिठ्यावर ठेवलं जातं, ते एका अर्थी उतारूच असतं. त्याला घरातून बाहेर काढून रस्त्याला लावायचं, कुणीतरी पुढच्या गावाला घेऊन जाईल या आशेनं. म्हणून तर ओलांडायचं नाही. ओलांडणाऱ्याच्या पाठीवर बसून ते पुन्हा कुणाच्या तरी घरात शिरेल.

पण हे ठेवायला तिठाच का लागतो? तिठा, तिकटी, चौफुली, चव्हाटा अशी वाटा फुटण्याच्या जागांची किती नावं आपण जपली आहेत! चव्हाटा म्हणजे चार वाटा. वाट हा शब्द संस्कृत ‘वर्त्मन्’पासून प्राकृतातून आपल्याकडे आला, रस्ता मात्र फारसीतला. चव्हाट्यावर मांडलेली गोष्ट सगळ्या गावाची होते, हे आपल्या वाक्प्रचारातच आहे. आणि ज्या जागेवर सगळ्यांचा पाय पडतो ती जागा कुणा एकाची नसते. घरच्या देवाची सत्ता तिथं चालत नाही, शेजारच्या गावच्या देवाचीही नाही. शतपथ ब्राह्मणात रुद्राला द्यायची आहुती चव्हाट्यावर द्यायला सांगितली आहे. ‘मृच्छकटिका’च्या पहिल्या अंकात चारुदत्त मैत्रेयाला संध्याकाळी चौकात जाऊन मातृकांना बळी ठेवून यायला सांगतो, आणि मैत्रेय काही जायला तयार होत नाही. आजी मला ज्या तिठ्यावर कडेनं चालवत होती तो किती जुना आहे, हे मला त्या नाटकानं सांगितलं.

ही भीती एकट्या आपलीही नाही. ग्रीक लोक वाटा फुटण्याच्या जागी हेकटी नावाच्या देवीसाठी अन्न ठेवत. रोमन लोकांनी तिला ‘ट्रिव्हिआ’ म्हटलं, तीन वाटांची. इंग्लंडात आत्महत्या केलेल्याला चव्हाट्यावर पुरण्याची रीत होती आणि ती थांबवायला १८२३ साली कायदा करावा लागला.

आता ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्यांच्या नावांकडे बघू. भूत म्हणजे नुसतं ‘झालेलं’. भू म्हणजे होणे, त्याचं भूत. भूतकाळातलं भूत आणि पिंपळावरचं भूत हे एकच रूप आहे. शहरातून नगरच्या रस्त्याला लागलं की नेवासे फाटा लागतो; त्या नेवाशात तेराव्या शतकाच्या अखेरीस ज्ञानेश्वरांनी जे पसायदान मागितलं, त्यात ‘भूत’ म्हणजे जीवमात्र. भूतदयेतही तेच. जिवंत असलेल्या सगळ्यांना कवेत घेणारा हा शब्द बोलीत मेलेल्यांपुरता उरावा, याची मला हळहळ वाटते.

प्रेत हा शब्द त्याहून स्वच्छ आहे. प्र म्हणजे पुढे, इत म्हणजे गेलेला. प्रेत म्हणजे पुढे गेलेला. आपण आजही मेलेल्या माणसाबद्दल ‘ते गेले’ असंच म्हणतो; संस्कृतातला प्रेत आणि मराठीतलं ‘गेले’ यांत शब्दाचा फरक आहे, अर्थाचा नाही. म्हणून निरोप घेताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. मेलेल्याला जे मिळावं असं आपण मागतो, ती असते ‘गती’. चांगली मिळाली तर सद्गती, न मिळाली तर अवगती. मरणाविषयीची आपली सगळी भाषा चालण्याची आहे. माणूस निघतो, जातो, पुढे जातो, त्याला गती मिळते. आणि ज्याला ती मिळत नाही तो वाटेत थांबतो. भूत म्हणजे चालायचं थांबलेला माणूस. म्हणून तो वाटेवर भेटतो.

हे डोक्यात ठेवून बाकीची नावं बघितली की ती एकेक उलगडत जातात. समंध हा ‘संबंध’च आहे, उच्चारात म झालेला. ज्याचा इथला संबंध तुटला नाही, जमिनीत पुरलेल्या पैशांशी, घराशी, माणसाशी, तो समंध. मुंजा हा मुंज झालेला पण सोडमुंज न झालेला पोर. कंबरेला मुंज गवताची मेखला बांधली गेली आणि ती सुटायच्या आत तो गेला. एका अवस्थेतून निघाला, दुसरीत पोचला नाही. जखीण ही यक्षिणी. खवीस आला अरबी ‘खबीस’वरून, म्हणजे अपवित्र, दुष्ट. आमच्या या शहरात तो फार लांबचा पाहुणा वाटत नाही, कारण इथल्या दखनी बोलीत खबीस ही अजूनही रोजची शिवी आहे. लागीर म्हणजे जे लागलं ते. लोकांनी हा शब्द प्रेमाला वापरला, २०१७ साली टीव्हीवरच्या एका मालिकेच्या नावात तो चढला, आणि आता तरुण मुलांना लागीर म्हणजे प्रेमात पडणं एवढंच ठाऊक आहे. त्याबद्दल मला मुळीच तक्रार नाही. भुताच्या तावडीतून सुटलेले शब्द फार थोडे.

वाटेचं खास भूत मात्र चकवा. त्याला चेहरा नाही, पाय उलटे नाहीत, तो कुणाचा कोण हे सांगता येत नाही. तो फक्त वाट फिरवतो. रात्री शेतातून घरी निघालेला माणूस तास दोन तास चालतो आणि पुन्हा त्याच बांधावर, त्याच बाभळीखाली येऊन उभा राहतो. वर्तुळात फिरवतो म्हणून चकव्याचं नातं ‘चक्रा’शी जोडायचा मोह मलाही झाला होता. पण चक्राचं मराठीत चाक झालेलं आहे, आणि चकवा उघडच ‘चकणे, चकवणे’ या क्रियापदाचा. फसवतो तो चकवा. व्युत्पत्तीतही चकवे असतात, ते असे.

जुनी माणसं सांगायची की चकवा लागला असं कळलं की चालू नये. जिथं आहोत तिथं खाली बसावं, उजाडायची वाट बघावी. या सल्ल्यातलं शहाणपण मला फार उशिरा पटलं. २००९ साली जर्मनीतल्या ट्यूबिंगन इथल्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी माणसांना जंगलात आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात सरळ चालायला सांगितलं आणि उपग्रहाच्या मदतीनं त्यांचा माग ठेवला. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ती बऱ्यापैकी सरळ चालली. आभाळ भरून आलं, चंद्र ढगाआड गेला, की त्यांतली काही गोल फिरून स्वतःच्याच वाटेला येऊन मिळाली आणि त्यांना ते कळलंही नाही. डोळे बांधल्यावर काहींची वर्तुळं वीस मीटर व्यासाइतकी लहान झाली. आमच्या शेतकऱ्याला जे चकवा म्हणून माहीत होतं ते खोटं नव्हतं, आणि त्यावरचा उपायही अचूक होता. आपण त्या शब्दाला अंधश्रद्धा म्हणून टाकून दिलं, त्याबरोबर एक नेमकं निरीक्षणही टाकून दिलं.

क्रांती चौकातून उत्तरेला गेलं की पैठण गेट. पन्नासेक किलोमीटरवरच्या पैठणकडे तोंड केलेला दरवाजा. प्रतिष्ठान, मग प्राकृतात पइट्ठाण, मग पैठण. भारतातल्या भुतांच्या गोष्टींचा उगम शोधायचा तर याच दिशेनं जावं लागतं. गुणाढ्य हा सातवाहन राजाचा मंत्री. काश्मीरच्या सोमदेवानं अकराव्या शतकात लिहिलेल्या ‘कथासरित्सागरा’त त्याची हकिगत येते. पैज हरल्यामुळं गुणाढ्यानं संस्कृत, प्राकृत आणि देशभाषा तिन्ही सोडल्या, विंध्याच्या रानात पिशाचांची भाषा शिकला आणि तिच्यात स्वतःच्या रक्तानं सात लाख श्लोकांची ‘बृहत्कथा’ लिहिली. राजानं ती भाषा ऐकून तोंड फिरवलं. गुणाढ्य एकेक पान रानातल्या पशुपक्ष्यांना वाचून दाखवून जाळत बसला आणि राजा भानावर येईपर्यंत सहा लाख श्लोक जळून गेले होते. पैशाची ही कधीकाळी खरोखर असलेली, व्याकरणकारांनी नोंदलेली प्राकृत भाषा. नावामुळं ती भुतांची ठरली. कुणाची बोली आपल्याला कळली नाही की ती भुताची वाटायला लागते, असं तर नसेल?

त्याच ‘कथासरित्सागरा’त वेताळाच्या पंचवीस गोष्टी आहेत आणि तिथला राजा गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचाच आहे. वद्य चतुर्दशीच्या रात्री त्याला स्मशानातल्या झाडावरचं प्रेत आणायचं आहे. प्रेतात वेताळ आहे, आणि वाटेचा शीण जावा म्हणून तो गोष्ट सांगतो. गोष्टीच्या शेवटी कोडं. उत्तर ठाऊक असून गप्प बसलं तर डोकं फुटेल. बोललं तर प्रेत पुन्हा झाडावर. चोवीस वेळा राजा तीच वाट चालतो. पछाडलेल्या रस्त्याची याहून चांगली गोष्ट मला माहीत नाही, आणि तो रस्ता आपल्या गोदेच्या काठचा आहे याचं मला लहान मुलासारखं अप्रूप वाटतं. या राजाचं नाव त्रिविक्रमसेन. त्यातला ‘विक्रम’ वि आणि क्रम् मिळून झाला. क्रम् म्हणजे पाऊल टाकणे. विक्रम म्हणजे मुळात लांब टाकलेलं पाऊल. पराक्रम आणि उच्चांक हे अर्थ नंतरचे. वेताळ लटकलेला आहे, विक्रम चालतो आहे. गोष्ट एवढीच.

आता एक शब्द, जो मला रुचत नाही. शापित. शाप आणि शपथ दोन्ही एकाच ‘शप्’ धातूचे. दोन्हींत बोललेल्या शब्दाला वजन आहे. जुन्या कथांत शाप कुणीतरी देतं, कुणाला तरी देतं, काहीतरी कारणानं देतं, आणि मागितला तर उःशापही मिळतो. रस्त्याला शाप असल्याचं आजीच्या पिढीच्या बोलण्यात नव्हतं. ती म्हणायची, "ती जागा बरी नाही." फार तर, "जागा कडक आहे." ‘शापित रस्ता’ ही अलीकडच्या मथळ्यांची भाषा, आणि ती आपल्या शेजारूनच जाणाऱ्या समृद्धी महामार्गाला लागली. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ बस पेटून २५ जण गेले. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला वैजापूरजवळ १२ जण. सिंदखेडराजाच्या अपघातानंतर काही जणांनी तिथं महामृत्युंजय यंत्र बसवलं आणि जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हाही नोंदवला गेला. यंत्र बसवणाऱ्यांच्या मनातली कळकळ मी समजू शकतो. त्यांनी तिठ्यावरचा उताराच मोठ्या रस्त्यावर नेला. पण शापित म्हटलं की टायर, वेग, डुलकी, रात्रभर न झोपलेला चालक यांपैकी कुणालाच उत्तर द्यावं लागत नाही.

अभियंते या रस्त्याबद्दल ‘महामार्ग संमोहन’ असा शब्द वापरतात. रस्ता इतका सरळ, इतका एकसुरी, की डोळे उघडे राहतात आणि मन मिटतं. ऐकल्यावर मला वाटलं, हा चकवाच की! पूर्वीचा चकवा माणसाला गोल फिरवायचा, हा सरळ रेषेत नेतो. उपाय मात्र तोच, थांबायचं, खाली उतरायचं. सरकारी भाषेत वाईट जागेला ‘अपघातप्रवण क्षेत्र’ म्हणतात. राष्ट्रीय महामार्गावरचा सुमारे ५०० मीटरचा तुकडा, जिथं तीन वर्षांत जीवघेण्या किंवा गंभीर जखमांच्या पाच दुर्घटना झाल्या किंवा दहा माणसं गेली. शब्द उच्चारायला जड आहे खरा, पण तो मला शापितपेक्षा जवळचा वाटतो. प्रवण म्हणजे उतरतं, कललेलं; पाणी जिकडे वाहील तो उतार. रस्ता कुठं कलला आहे हे मोजता येतं, तो सरळही करता येतो.

आपल्या लोकांनी भुतांना आवरण्याची एक फार मायाळू युक्ती काढली होती. नावाला ‘बा’ जोडायचा. वेताळाचा वेतोबा केला, शिवेवरच्या भयाचा म्हसोबा. बा म्हणजे बाप. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीच्या वेतोबाला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात. तो रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून वहाणा झिजतात, असं लोक सांगतात. ज्याला गती नव्हती त्याच्या पायात वहाणा घातल्या आणि त्याला चालतं केलं! बोरघाटातला शिंगरोबाही असाच. इंग्रजांना घाटातली वाट दाखवणारा धनगर, आणि वाट सापडल्यावर त्यांनीच त्याला मारला, अशी कथा आहे. त्याच्या देवळाशी गाड्या हळू होतात, नाणी पडतात. अन्यायानं मेलेला वाटाड्या वाटेचा बाप झाला.

क्रांती चौकातल्या काळ्या चबुतऱ्याजवळून जाताना आजी थांबायची आणि हात जोडायची. जून १८५७ मध्ये छावणीतल्या हैदराबाद कंटिंजंटच्या पहिल्या घोडदळातल्या स्वारांनी इंग्रज अधिकाऱ्यांचा हुकूम मोडला. पुण्याहून जनरल वुडबर्नचं सैन्य आलं, लष्करी न्यायालय बसलं, आणि कुणाला गोळ्या, कुणाला तोफेचं तोंड, कुणाला फास. फाशी हा शब्द संस्कृत ‘पाशा’चा. त्या स्वारांना या चबुतऱ्यावर लटकवलं, ही शहराची आठवण. अपमृत्यू, चार वाटा, फास, आणि नावातच ‘काळा’. भुताच्या गोष्टीला लागतं ते सगळं इथं आहे. पण इथं रात्री कुणी दिसतं, असं आजीनं मला कधी सांगितलं नाही. "पोरं होती बिचारी," एवढंच म्हणायची.

त्यांनी जे केलं त्याला तेव्हा कुणी गदर म्हणालं. अरबीत त्याचा अर्थ विश्वासघात, आणि गद्दार त्याचाच भाऊ. मराठीत बंड म्हणाले. विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मधली हकिगतही बंडाचीच. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती नेमकी त्याच १८५७ साली निघाली. त्या काळच्या मराठीत ‘क्रांती’ हा ज्योतिषाचा शब्द होता. सूर्य आकाशातून ज्या वाटेनं चालतो ते क्रांतिवृत्त. एका राशीतून दुसरीत पाऊल टाकतो ती संक्रांत, जी कधी कधी माणसावर कोसळतेही. युरोपातही हेच घडलं होतं. कोपर्निकसनं १५४३ च्या ग्रंथाच्या नावात ‘रेव्होल्यूशन’चं लॅटिन रूप घातलं ते आकाशातल्या गोलांच्या फिरण्यासाठी. तिकडचा तो शब्द राजकारणात उतरला तसा आपला क्रांतीही उतरला. धातू तोच, वेताळाला खांद्यावर घेऊन चालणाऱ्या राजाच्या नावातला. क्रम्, पाऊल टाकणे.

परवा रात्री उशिरा रेल्वे स्थानकावर उतरलो. पाऊस होता, रस्ता रिकामा. शेअर रिक्षावाला एक पाय बाहेर टाकून ओरडत होता, "चला, क्रांती, क्रांती, क्रांती!" मागच्या सीटवर एक म्हातारी भिजलेला पदर पिळत बसली होती. ती आत सरकली आणि मला म्हणाली, "बस रे बाळा. चालला आता."